पत्ता कुणाचा, हे विचारल्याशिवाय ड्रायव्हर पाठवू नका

लिनक्सचे ड्रायव्हर तयार करणाऱ्या कंपन्यांच्या अभियांत्रिकी प्रमुखांना खुलं पत्र



हिंजवडी, खराडी, बाणेर इथल्या कितीतरी कार्यालयांत रोज लिनक्स कर्नलचा कोड लिहिला जातो. कुठे कॅमेऱ्याच्या सेन्सरचा ड्रायव्हर, कुठे राउटरमधल्या चिपचा, कुठे गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पडद्याचा. लिहिणाऱ्यांत मराठी मुलं-मुली भरपूर आहेत आणि त्यांचं काम मंजूर करणाऱ्या प्रमुखांतही मराठी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून हे पत्र मराठीत आणि जाहीरपणे लिहिते आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बाहेरून आलेला पत्ता आणि कर्नलचा स्वतःचा पत्ता यांची गल्लत करणारा कोड तपासणीच्या साधनाने दाखवून दिला असेल, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय कंपनीबाहेर जाता कामा नये. आज तो जातो. वॉर्निंग छापली जाते, ती वाचायला कुणाला सवड नसते, रिलीजची तारीख डोक्यावर असते आणि कोड पुढे सरकतो.

या कामाशी रोजचा संबंध नसलेले वाचकही हे पत्र वाचतील, त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. सी भाषेत पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, आणि प्रत्यक्षात तो नुसता आकडा असतो. त्या आकड्याकडे पाहून तो पत्ता कुणी दिला हे भाषेला कळत नाही. ६४ बिटच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर नेहमीच्या मांडणीत सगळ्यात खालचे १२८ टेराबाइट पत्ते प्रोग्रामसाठी असतात आणि सगळ्यात वरचे तेवढेच कर्नलसाठी. प्रोग्रामने वरच्या भागाला हात लावला की प्रोसेसर त्याला तिथल्या तिथे अडवतो. कर्नलला मात्र वरची मेमरी मोकळी असते, कारण ती त्याचीच असते.

आता प्रोग्राम कर्नलला सांगतो, ‘या पत्त्यावर माझा बफर आहे, त्यात माहिती भरून दे.’ प्रामाणिक प्रोग्राम स्वतःच्या बफरचा पत्ता देतो. लबाड प्रोग्राम कर्नलच्याच मेमरीतला पत्ता देतो. तिथे कदाचित त्या प्रोग्रामला कोणते अधिकार आहेत याची नोंद असेल. कर्नलने न तपासता त्या जागी शून्य लिहिलं, तर लिनक्समध्ये शून्य हा रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा क्रमांक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. बँकेत ग्राहकाने चिठ्ठीवर भलत्याच लॉकरचा नंबर लिहून दिला आणि कर्मचाऱ्याने नाव न पाहता बँकेच्या किल्ल्यांनी तो उघडून दिला, तर जे होईल तेच इथे होतं.

म्हणून कर्नलमध्ये नियम आहे. बाहेरून आलेल्या पत्त्याला थेट हात लावायचा नाही. वाचायचं तर कॉपी_फ्रॉम_युजर, लिहायचं तर कॉपी_टू_युजर. ही फंक्शनं आधी पत्ता प्रोग्रामच्या हद्दीतला आहे की नाही हे पाहतात. मधेच एखादं पान मेमरीत आणताच येत नसेल किंवा पत्ताच बोगस असेल, तर कर्नल कोसळू न देता किती बाइट कॉपी व्हायचे राहिले तो आकडा परत देतात, आणि ड्रायव्हर प्रोग्रामला सरळ ‘पत्ता चुकीचा’ अशी त्रुटी कळवतो. नियम सोपा आहे. तो पाळला जातो की नाही, हे तीन कोटींहून अधिक ओळींच्या कोडमध्ये नुसत्या डोळ्यांनी तपासणं हे मात्र माणसाच्या आवाक्यातलं काम नाही.

एक नमुना जवळून पाहू. कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरला ॲपकडून कॅलिब्रेशनचा तक्ता घ्यायचा आहे. ॲप आयऑक्टल करतं, म्हणजे ड्रायव्हरला थेट एक आज्ञा पाठवतं. ड्रायव्हरच्या हाती येतो एक अनसाइन्ड लाँग, म्हणजे नुसता आकडा, आणि तो असतो एक पत्ता. त्या पत्त्यावर एक छोटं स्ट्रक्चर आहे, त्यात दोन गोष्टी आहेत: तक्त्यात किती नोंदी आहेत तो आकडा आणि तक्ता कुठे आहे तो पत्ता. नवखा प्रोग्रामरसुद्धा हे बाहेरचं स्ट्रक्चर कॉपी_फ्रॉम_युजरने आणतो, तेवढं त्याला शिकवलेलं असतं. स्ट्रक्चर आता कर्नलच्या स्टॅकवर आलं, आपल्या ताब्यात आलं. फसगत होते ती इथे. स्ट्रक्चर आपलं झालं तरी त्याच्या पोटातला तक्त्याचा पत्ता अजून परक्याचाच आहे. पुढच्या ओळीत प्रोग्रामर फॉर लूप लावतो आणि तक्त्यातली एकेक नोंद थेट वाचायला लागतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा कोड निर्दोष दिसतो. एकदा कॉपी केलेलं दिसलं की रिव्ह्यू करणाऱ्याचं मन निर्धास्त होतं.

आणि चाचणीत तो चालतो! चाचणी घेणाऱ्याचं ॲप प्रामाणिक असतं, ते स्वतःच्याच तक्त्याचा पत्ता देतं. जुन्या किंवा स्वस्त प्रोसेसरवर कर्नल त्या क्षणी त्याच प्रोग्रामच्या पत्त्यांच्या नकाशावर चालत असल्यामुळे तो पत्ता बिनतक्रार वाचला जातो. चित्र नीट येतं, रंग बरोबर दिसतात, चाचणीचा तक्ता हिरवा होतो. या जातीची चूक म्हणूनच वेगळी आहे. कुणी मुद्दाम वाईट पत्ता देईपर्यंत ती दिसतच नाही, आणि मुद्दाम वाईट पत्ता देणारा माणूस तुमच्या चाचणी विभागात नसतो, तो बाहेर असतो.

हे दुखणं पंचवीस वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंपायलरलाच कर्नलचे नियम शिकवायला सुरुवात केली. बाहेरून आलेला आकडा तपासल्याशिवाय वापरला की नोंद करायची, असा त्यांचा एक नियम होता. केन ॲशक्राफ्ट आणि एंगलर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या निबंधात लिनक्स आणि ओपनबीएसडी मिळून सुरक्षेच्या शंभराहून अधिक चुका सापडल्याचं सांगितलं. पुढे २००४ मध्ये बर्कलीच्या रॉब जॉन्सन आणि डेव्हिड वॅग्नर यांनी पॉइंटरच्या प्रकारालाच ‘कर्नलचा’ किंवा ‘युजरचा’ अशी खूण जोडून, ती खूण कोडमधून कशी वाहत जाते ते शोधणारं साधन लिनक्सवर चालवलं. हल्ल्यासाठी वापरता येतील अशा १७ चुका त्यांना मिळाल्या. त्यांतल्या काही अशा होत्या, की जाणकारांनी हाताने केलेल्या तपासणीतून किंवा दुसऱ्या साधनांतून त्या निसटल्या होत्या. ‘आमचे सीनिअर लोक रिव्ह्यू करतात’ हे उत्तर का पुरत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये याच विचाराचं एक साधं, कामाला येणारं साधन स्वतः लिहायला घेतलं. त्याचं नाव स्पार्स. कल्पना अशी, की बाहेरून आलेल्या पॉइंटरच्या प्रकारात __युजर असं लिहायचं. हार्डवेअरच्या रजिस्टरचा पत्ता असेल तर __आयओमेम लिहायचं. कंपायलरच्या लेखी या खुणांचा त्या काळी काहीच अर्थ नव्हता, त्या पुसल्या जायच्या. पण स्पार्स त्या वाचतो. __युजर खूण असलेल्या पॉइंटरला कुणी थेट उघडलं, किंवा कर्नलचा पॉइंटर अपेक्षित असलेल्या फंक्शनला तो दिला, तर स्पार्स ओळ क्रमांकासह सांगतो, की दोन ॲड्रेस स्पेसची गल्लत झाली आहे. अपेक्षित काय होतं आणि मिळालं काय, तेही सांगतो. वरच्या नमुन्यात स्ट्रक्चरमधल्या तक्त्याच्या पत्त्यावर __युजर ही खूण असती, तर फॉर लूपची ती ओळ पहिल्याच बिल्डमध्ये पकडली गेली असती. खर्च किती? मेक करताना सी=१ दिलं की जेवढ्या फाइल नव्याने कंपाइल होतात तेवढ्या तपासल्या जातात. सी=२ दिलं की सगळ्या तपासल्या जातात.

हार्डवेअरच्या रजिस्टरची गोष्टही तीच. आयओरीमॅपने मिळालेला पत्ता रीडएल-राइटएलने वापरायचा असतो, पण थेट वापरला तरी इंटेलच्या यंत्रावर बहुतेक वेळा निभावून जातं. तोच ड्रायव्हर दुसऱ्या प्रोसेसरवर नेला की वाचन-लेखनाचा क्रम बिघडतो आणि टीमचे आठवडेच्या आठवडे जातात. स्पार्स हे पहिल्या दिवशी सांगत असतो.

आता तुमच्या कार्यालयांत काय घडतं ते बोलू. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे ड्रायव्हर तपासते. एका कंपनीचा, तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही, ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. स्पार्सची एकही वॉर्निंग नाही म्हणून आधी बरं वाटलं. मग उघडून पाहिलं तर जिथे जिथे वॉर्निंग यायला हवी तिथे __फोर्स लिहून ठेवलेलं. __फोर्सचा अर्थ ‘मला माहीत आहे मी काय करतो आहे’ असा आहे, आणि काही मोजक्या जागी त्याची खरीच गरज असते. इथे तो ‘गप्प बस’ या अर्थाने वापरला होता. लिहिणाऱ्या मुलाला विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, की वॉर्निंगची संख्या शून्यावर आणायची असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्याला दोष देववेना. त्याला संख्या कमी करायला सांगितली होती आणि त्याने ती केली. तिच्यामागचा प्रश्न विचारायला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी पळवाट याहून साधी आहे. पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये बदलला की स्पार्स गप्प बसतो, कारण पत्त्यांची बेरीज-वजाबाकी करायला कर्नलमध्ये ते लागतंच. म्हणजे खूण पुसायची असेल तर एक कास्ट पुरतो. आयऑक्टलच्या हाती आलेला आकडा अनसाइन्ड लाँगच असतो. त्यामुळे आयऑक्टलच्या पहिल्याच ओळीत त्याला __युजर खूण असलेल्या पॉइंटरमध्ये बदललं नाही, तर पुढचा सगळा प्रवास खुणेशिवाय होतो आणि साधन कितीही चांगलं असलं तरी त्याला काही दिसत नाही. स्ट्रक्चरमध्ये पत्ता ६४ बिटचा आकडा म्हणून ठेवला असेल, तर तो वापरण्याआधी यू६४_टू_युजर_पीटीआर या मॅक्रोतून न्यायचा असतो, म्हणजे खूण परत लागते. या दोन सवयी टीमला लावायला एक दुपार पुरेल.

स्पार्स सगळं पकडतो असं मी म्हणत नाही, आणि तसं समजून चालणंही धोक्याचं आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ४.१३ मध्ये वेटआयडी या सिस्टिम कॉलचा कोड नव्याने लिहिला होता. वेग वाढावा म्हणून प्रत्येक लेखनाच्या वेळी होणारी हद्दीची तपासणी काढून, अनसेफ_पुट_युजर वापरलं होतं. ते वापरायला हरकत नव्हती, पण त्याआधी ॲक्सेस_ओके बोलावून एकदाच पत्ता तपासायला हवा होता. ती ओळ राहिली. पॉइंटरवरची __युजर खूण बरोबर होती, त्यामुळे स्पार्सकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. कोणताही साधा वापरकर्ता कर्नलच्या मेमरीत लिहू शकेल अशी ती वाट ऑक्टोबरमध्ये बंद झाली. सीव्हीई-२०१७-५१२३ या क्रमांकाने ती नोंदवलेली आहे. पुढे इंटेलच्या ग्राफिक्सच्या आय९१५ ड्रायव्हरमध्येही नेमकी हीच चूक सापडली.

यावर झालेला उपाय मला फार शिकवून जातो. प्रोग्रामरांना ‘विसरू नका’ असं सांगणारं परिपत्रक निघालं नाही. २०१९ च्या जानेवारीत टोरवाल्ड्स यांनी युजर_ॲक्सेस_बिगिन हे फंक्शनच बदललं, आणि हद्दीची तपासणी त्याच्या पोटात घातली. लिनक्स ५.० पासून प्रोग्रामच्या मेमरीचं दार उघडण्याची क्रिया आणि पत्ता तपासण्याची क्रिया एकच आहे. एक केली की दुसरी झालीच. अशा चुकांवर माणसाच्या लक्षात राहण्याच्या भरवशावर कायमचा उपाय होत नाही. विसरणं अशक्य करावं लागतं, आणि ते करण्याचा अधिकार लिहिणाऱ्या मुलीकडे नसतो, तो तुमच्याकडे असतो.

तुमच्या उंबरठ्यावरचं उदाहरणही सांगते, कारण ‘हे मुख्य कर्नलचं, आमचं नाही’ असं म्हणायची सोय राहू नये. एआरएमच्या सहाव्या आणि सातव्या पिढीतल्या प्रोसेसरांसाठीच्या कोडमध्ये गेट_युजर आणि पुट_युजर ही दोन मूलभूत फंक्शनंच पत्त्याची हद्द तपासत नव्हती. २०१२ मध्ये लिनक्स ३.५.५ या आवृत्तीपर्यंत ती दुरुस्त झाली. तरीही २०१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच फटीतून अँड्रॉइड फोनवर प्रत्यक्ष हल्ले झाले. दुरुस्ती वर्षभर आधी तयार होती. फोनमध्ये असलेलं कर्नल जुनं होतं, कारण ते बदलणं कुणाच्या वेळापत्रकात नव्हतं. ज्या फोनवरून आज आपल्या घरचे लोक पैसे पाठवतात, त्या अँड्रॉइड फोनचा पाया लिनक्स कर्नलच आहे, आणि त्या कर्नलमध्ये ड्रायव्हर तुम्ही घालता.

जुन्या कर्नलांच्या कोडमधली आणखी एक सवय मोडायला हवी. टचस्क्रीनचं फर्मवेअर फाइलमधून वाचायचं म्हणून ड्रायव्हरमध्ये सेट_एफएस वापरून ‘थोडा वेळ हद्दीची तपासणी बंद’ करायची, फाइल वाचायची आणि मग ती परत चालू करायची, असा कोड मी अजून पाहते. मधेच त्रुटी येऊन फंक्शन लवकर परतलं, तर तपासणी बंदच राहते, आणि मग बाकी सगळ्या कॉपी_टू_युजरना काही अर्थ उरत नाही. २०१० च्या अखेरीस सेट_एफएसची अशीच चालू राहिलेली मुभा वापरून रूट मिळवणारा हल्ला जाहीर झाला होता. कर्नलमधल्या मंडळींनी सेट_एफएस उपटून काढायला बरीच वर्षं खर्ची घातली, आणि २०२२ च्या लिनक्स ५.१८ मध्ये ते जवळपास सगळीकडून हद्दपार झालं. तुमच्या खासगी शाखेत ते असेल तर ते शोधायला एक ग्रेप पुरतो. फर्मवेअर वाचण्यासाठी रिक्वेस्ट_फर्मवेअर कधीचं आहे.

डबल अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या, तपासणी वगळणाऱ्या ‘जलद’ फंक्शनांचंही तसंच. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीला आलेल्या आरडीएस प्रोटोकॉलच्या फटीत असंच फंक्शन वापरलं होतं आणि आधीची तपासणी कुणीच केली नव्हती. साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होतं. ड्रायव्हरमध्ये ही फंक्शनं वापरण्याचं कारण मला आजवर एकानेही मोजमापासह पटवून दिलेलं नाही.

शून्य पॉइंटरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात कंपायलरही सामील होतो. २००९ मध्ये टन या नेटवर्क ड्रायव्हरच्या एका फंक्शनमध्ये पहिल्या ओळीत टन या पॉइंटरमधून एक सदस्य वाचला होता आणि त्याच्या खाली ‘टन शून्य असेल तर परत जा’ अशी तपासणी होती. क्रम उलटा, बाकी सगळं ठीक. जीसीसी या कंपायलरने विचार केला, की पॉइंटर वरच उघडला आहे, म्हणजे तो शून्य असूच शकत नाही, मग ही तपासणी अनावश्यक. आणि त्याने ती काढून टाकली. सी भाषेच्या नियमांनुसार त्याचं चुकलं नव्हतं. सोर्समध्ये तपासणी दिसत होती, चालणाऱ्या कोडमध्ये ती नव्हती. ब्रॅड स्पेंगलर यांनी त्यावर चालणारा हल्ला दाखवून दिला. त्यानंतर अशा तपासण्या काढू नकोस असं कंपायलरला सांगणारा पर्याय कर्नलच्या बिल्डमध्ये आला. तुमची बिल्ड टीम आकार किंवा वेग वाचवण्यासाठी कर्नलचे कंपायलर पर्याय स्वतःच्या मर्जीने बदलत असेल, तर हा प्रसंग त्यांना वाचायला द्या.

‘आता हार्डवेअरच अडवतं’ असं मला वारंवार ऐकवलं जातं. अर्धं खरं आहे. इंटेलचं स्मॅप आणि एआरएमचं पॅन हे दोन्ही, कर्नलने परवानगी न घेता प्रोग्रामच्या पत्त्याला हात लावला की तिथेच झटका देतात. हे फार चांगलं आहे, पण ते अडवतात काय ते नीट पाहा. प्रामाणिक ॲपने दिलेला प्रामाणिक पत्ता थेट उघडला तर ते अडवतात. हल्लेखोराने दिलेला कर्नलचा पत्ता ते अडवत नाहीत, कारण कर्नलने कर्नलचा पत्ता वाचण्यात त्यांना काही वावगं दिसत नाही. म्हणजे त्यांचा मोठा उपयोग चाचणीच्या टेबलावर आहे. तिथे ती लपलेली चूक पहिल्याच दिवशी कोसळून दिसते. आणि स्वस्त उपकरणांतल्या कॉर्टेक्स-ए५३ सारख्या गाभ्यांत पॅन नाहीच. तिथे कर्नलमध्ये त्याची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल उपलब्ध आहे, ती निदान चाचणीच्या बिल्डमध्ये चालू असलीच पाहिजे.

कर्नल चालू असताना चुका पकडणारी साधनंही आहेत. त्यांतलं कासान २०१५ मध्ये लिनक्स ४.० सोबत आलं. दर आठ बाइटमागे एक बाइट स्वतःकडे ठेवून ते मोकळी केलेली किंवा हद्दीबाहेरची मेमरी वापरणारा पॉइंटर जागच्या जागी पकडतं. दिमित्री व्यूकोव्ह यांनी सुरू केलेलं सिझकॉलर हजारो विचित्र सिस्टिम कॉल करून कर्नलला छळतं, आणि दोन्ही एकत्र चालवले की जे बाहेर पडतं ते पाहण्यासारखं असतं. पण सिझकॉलरला तुमच्या आयऑक्टलची रचना माहीत नसते. ती वर्णन करून द्यावी लागते, आणि ती देणारे ड्रायव्हर थोडे. ज्युलिया लॉवाल यांचं कॉक्सिनेल आणि डॅन कारपेंटर यांचं स्मॅच ही कोड तपासणारी साधनंही हाताशी आहेत. कॉपी_फ्रॉम_युजरने परत दिलेला उरलेल्या बाइटचा आकडाच त्रुटी म्हणून प्रोग्रामकडे पाठवणं, ही ड्रायव्हरांतली जुनी खोड स्मॅच बरोबर पकडतं.

रस्टबद्दल तुम्ही विचाराल. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली. तिथे बाहेरून आलेला पत्ता हा मुळातच वेगळा प्रकार आहे, तो साध्या पॉइंटरसारखा उघडताच येत नाही, आणि तिथली माहिती वाचणारा रीडर प्रत्येक वाचनासरशी पुढे सरकतो, त्यामुळे तपासताना एक आणि वापरताना दुसरं अशी फसवणूकही अवघड होते. नवा ड्रायव्हर लिहायचा असेल तर जरूर विचार करा. पण तुमच्या कपाटात सीमध्ये लिहिलेले जे शेकडो ड्रायव्हर आहेत ते उद्या रस्टमध्ये जाणार नाहीत, आणि तोवर त्यांच्यासाठी स्पार्स आजच उपलब्ध आहे. त्याची ०.६.४ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि नंतर वर्षानुवर्षं नवी आली नाही. ज्या साधनावर इतक्या कंपन्यांचा कोड तपासला जाऊ शकतो त्याची देखभाल मूठभर माणसांच्या फावल्या वेळावर चालते, हे मला खटकतं. तुमच्यापैकी एका कंपनीने एका अभियंत्याचा अर्धा वेळ जरी त्याला दिला, तरी मोठं काम होईल.

खोट्या वॉर्निंग फार येतात, हा शेवटचा आक्षेप. जुन्या ड्रायव्हरवर पहिल्यांदा स्पार्स चालवला की शेकडो ओळी छापल्या जातात हे खरं आहे. पण त्यांतल्या बहुतेक खुणा न लिहिल्यामुळे आलेल्या असतात. खुणा लिहीत गेलं की यादी आटते, आणि शेवटी ज्या थोड्या उरतात त्या वाचण्यासारख्या असतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात बढती मिळत नाही, म्हणून ते कुणी आपणहून करत नाही. ते करायला वेळ देणं, आणि ज्याने केलं त्याची वार्षिक मूल्यमापनात दखल घेणं, हे प्रमुख म्हणून तुमचं काम आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. नव्या आणि बदललेल्या प्रत्येक फाइलवर स्पार्स चालू द्या, आणि ॲड्रेस स्पेसची वॉर्निंग आली की बिल्ड तिथेच थांबू द्या. त्यासाठी स्पार्समध्ये वॉर्निंगला चूक ठरवणारा पर्याय आहे. प्रत्येक __फोर्सच्या शेजारी, तो का हवा आहे याचं एका वाक्यातलं कारण आणि ते मान्य करणाऱ्याचं नाव असू द्या. कारण देता आलं नाही तर __फोर्स काढा. चाचणीच्या यंत्रांवर स्मॅप किंवा पॅन चालू ठेवा, कासानचं एक बिल्ड रोज रात्री चालवा. आणि वॉर्निंगची संख्या हे कुणाचंही उद्दिष्ट ठरवू नका.

पुढच्या रिलीजच्या बैठकीत तारखांवर बोलणं सुरू होण्याआधी, ड्रायव्हर ज्या मुलाने किंवा मुलीने लिहिला आहे त्याला किंवा तिला एक प्रश्न विचारा: या आयऑक्टलमध्ये बाहेरून येणारे पत्ते किती, आणि त्यांतल्या प्रत्येकावर खूण आहे का? उत्तर तयार नसेल, तर रिलीज एक आठवडा पुढे ढकला.

आपली,
पुण्यातली एक कर्नल प्रोग्रामर